बोटीच्या बाहेरील लाकडासाठी कमी देखभालीचे फिनिश: तेल, वार्निश, सेटॉल आणि दोन घटकी लेपांचे परीक्षण

बोटीच्या बाहेरच्या लाकडासाठी मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डब्यावर ‘देखभाल कमी’ या अर्थाचे काहीतरी छापलेले असते. तो दावा सहसा खोटा नसतो, पण अपुरा असतो. लेप किती काळ चांगला दिसेल एवढेच त्यावरून कळते. त्याची मुदत संपत आल्यावर तो कसा खराब होईल, एखाद्या मोसमात त्याच्याकडे पाहणे झाले नाही तर किती काम वाढून बसेल, आणि तो पूर्ववत करायला अर्धा दिवस पुरेल की लाकूड उघडे होईपर्यंत सगळे खरवडावे लागेल, हे मात्र कळत नाही, आणि देखभालीचा खरा भार याच भागात असतो. म्हणून तेल, सीलर, पारंपरिक वार्निश, सेटॉलसारखे रंगद्रव्य असलेले लेप, दोन घटकी (राळ आणि हार्डनर मिसळून लावायचे) पॉलियुरेथेन आणि साधा रंग या सर्वांची पारख मी ते कसे संपतात यावरून केली आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: डेकचे सागवान कोरे ठेवावे, कठडे, दांड्या आणि कडा यांना सेटॉलच्या जातीचा लेप द्यावा, आणि चकचकीत वार्निश किंवा दोन घटकी लेप ज्या वस्तू काढून आत नेता येतात किंवा कापडाखाली झाकता येतात त्यांच्यापुरताच वापरावा.

लेप निकामी का होतो हे समजल्याशिवाय ही तुलना करता येत नाही. लाकडात साधारण चौथा हिस्सा लिग्निन असते आणि तंतूंना एकमेकांशी धरून ठेवण्याचे काम तेच करते. उन्हातील अतिनील किरण हे लिग्निन मोडतात. हे किरण लाकडात सुमारे ०.०७५ मिलिमीटरपेक्षा खोल जात नाहीत, त्यामुळे फळीच्या बळकटीला त्यांच्यापासून धोका नसतो. परंतु लेप नेमका त्याच वरच्या थराला चिकटलेला असतो. पारदर्शक वार्निशमधून किरण आत पोहोचतात, त्याखालचा थर भुसभुशीत होतो आणि वरचा पापुद्रा धडधाकट दिसत असतानाच त्याची पकड सुटते. दुसरे कारण ओलाव्याचे. लाकूड दमटपणानुसार फुगते आणि आकसते. सागवान या बाबतीत फार स्थिर मानले जाते, तरी ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत तेही गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. बोटीवर एवढा टोकाचा फरक कधी पडत नाही, पण लहान प्रमाणातली ही हालचाल अखंड चालू असते आणि कडक पापुद्र्याला ती सोसत नाही. सांधा, स्क्रूवर बसवलेले लाकडी बूच, दोराने पडलेला ओरखडा, फळीचा आडवा छेद अशा ठिकाणी बारीक चीर गेली की पाणी आत शिरते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडताना तोच पापुद्रा आडवा येतो. मग आधी फिकट दुधी डाग, नंतर काळपट बुरशी आणि शेवटी पोपडे, हा क्रम ठरलेला आहे. डबा घेताना या दोन्ही गोष्टींवर त्यात काय उपाय आहे ते पाहावे: किरण अडवायला केवळ अतिनील शोषक रसायने आहेत की रंगद्रव्यही आहे, आणि सुकल्यावर थर लवचिक राहतो की ताठ होतो.

सर्वांत कमी देखभालीचा पर्याय म्हणजे काहीच न लावणे. हा पर्याय सागवानाला लागू पडतो. महोगनी, ॲश किंवा ओक यांना नाही. महोगनी कोरी राहिली तर डागाळून काळी पडते, ॲश उघड्यावर फार लवकर कुजते, आणि ओकला लोखंडाचा स्पर्श झाला की काळेनिळे डाग पडतात. सागवानातील नैसर्गिक तेल आणि सिलिका यांमुळे ते पाण्याला आणि कुजण्याला दाद देत नाही, आणि काही महिन्यांत त्याच्यावर रुपेरी करडी छटा येते. ही छटा अनेकांना अस्वच्छ वाटते. मला ती बोटीवर शोभून दिसते, आणि डेकवर तर तिला पर्यायच नाही, कारण ओल्या कोऱ्या सागवानावर पाय जसा ठरतो तसा कोणत्याही लेपावर ठरत नाही.

कोऱ्या सागवानाचे नुकसान उन्हापेक्षा माणसाच्या हातून अधिक होते. उघड्यावर राहिलेले मऊ जातीचे लाकूड निव्वळ ऊनपावसाने शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजते, आणि घट्ट जातीचे त्याहूनही कमी. असे असताना डेकच्या पट्ट्या काही वर्षांतच खाचखळग्यांच्या झालेल्या दिसतात, त्या कडक ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासल्यामुळे, उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यामुळे आणि दोन बाटल्यांच्या तीव्र क्लीनरमुळे. या क्लीनरची पहिली बाटली दाहक अल्कलीची आणि दुसरी आम्लाची असते. पहिली मळाबरोबर रेषांमधला मऊ भागही सैल करते, आणि दुसरी रंग उजळते. लाकूड नव्यासारखे दिसते, पण प्रत्येक वेळी त्याचा एक थर आपण पाण्यात सोडून दिलेला असतो. डेकसाठी खारे पाणी, मऊ ब्रश आणि रेषांना आडवे, हलक्या हाताने घासणे एवढे पुरते. खाऱ्या पाण्याने बुरशीलाही आळा बसतो. हट्टी डाग असेल तर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण तेवढ्याच जागी वापरावे आणि भरपूर पाण्याने धुऊन काढावे. शेजारच्या धातूच्या बसवणुकीवर ते राहू देऊ नये.

तेलाबद्दल माझे मत चांगले नाही. ‘टीक ऑइल’ म्हणून जे मिळते ते सागाचे तेल नसते. बहुतेक वेळा ते जवसाचे किंवा टंग (तुंग झाडाच्या बियांचे) तेल, सोबत थोडी राळ आणि बरेचसे द्रावक असे मिश्रण असते. लावल्यावर लाकूड फार सुंदर दिसते, यात शंका नाही, आणि लावायला ब्रशची सफाईही लागत नाही. परंतु भर उन्हात त्याचा परिणाम काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो. त्यानंतर पुन्हा तेल, पुन्हा धूळ, पुन्हा बुरशी. जवसाचे तेल हे बुरशीचे अन्नच आहे, त्यामुळे दमट हवेत तेल पाजलेले लाकूड कोऱ्या लाकडापेक्षा लवकर काळे पडते, ते काळे काढायला तीव्र क्लीनर लागतो, आणि क्लीनरने कोरडे पडलेले लाकूड आणखी तेल मागते. लावायला सोपे आणि निभवायला अवघड अशी ही गोष्ट आहे. कमी देखभाल हा हेतू असेल तर तेल यादीतून काढून टाकावे.

याला एक सन्माननीय अपवाद ओवाट्रोलच्या डेक्स ओल्ये या जोडीचा आहे. तिचा डी-१ हा भाग लाकडात जिरतो. तो ओल्यावर ओला असा, लाकूड आणखी घेईनासे होईपर्यंत लावत राहायचा आणि वर उरलेले पुसून काढायचे. त्यावर हवा असेल तर डी-२ हा चमक देणारा भाग चढवता येतो. नुसता डी-१ ठेवला तर पोपडे सुटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण वर पापुद्रा तयार झालेला नसतो. फिकट पडलेल्या जागी धुऊन पुन्हा पाजले की काम झाले. साध्या तेलापेक्षा तो बराच अधिक टिकतो, पण कडक उन्हात त्यालाही वर्षातून एकाहून अधिक वेळा हात द्यावा लागतो, हे गृहीत धरून घ्यावे. तेल कोणतेही असो, त्याने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, ढिगातली ती उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या एकेक पसरून बाहेर सुकवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात टाकाव्यात. बोटीच्या बंद केबिनमध्ये हा धोका फार मोठा असतो.

सीलर हा तेल आणि वार्निश यांच्या मधला प्रकार आहे. सेमकोचा टीक सीलर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. तो पाण्यासारखा पातळ असतो, कापडाने पुसत लावता येतो, थोडे रंगद्रव्य असल्याने लाकडाला एकसारखी छटा देतो आणि वर चकाकी किंवा पापुद्रा ठेवत नाही. त्यामुळे तो डेकवरही घसरडा होत नाही. फिकट पडला की धुऊन पुन्हा पुसला, एवढीच त्याची दुरुस्ती. करडी छटा ज्यांना मुळीच नको आणि ज्यांना ब्रश घेऊन बसायला वेळ नाही, त्यांनी हा अवश्य विचारात घ्यावा. छटा मात्र काहीशी मातकट असते आणि सागवानाची रेषा तिच्याखाली थोडी बुजते, म्हणून आधी एका लहान तुकड्यावर रंग पाहून घ्यावा.

पारंपरिक स्पार वार्निशसंबंधी लिहिताना मला थोडे सावरून लिहावे लागते, कारण दिसण्यात त्याची बरोबरी करणारे काही नाही. नीट घासलेल्या सागवानावर किंवा महोगनीवर चढलेल्या वार्निशमध्ये जी खोली दिसते, ती पाहिल्यावर इतर सर्व लेप उथळ वाटतात. नेदरलँड्समधील एपिफानेस ही कंपनी १९०२ पासून या व्यवसायात आहे आणि तिचे क्लिअर वार्निश या प्रकारचा नमुना म्हणून घेता येईल: टंग तेल, फेनॉलिक आणि अल्किड राळ, आणि त्यात अतिनील शोषक. टंग तेलामुळे थर लवचिक राहतो आणि लाकडाबरोबर थोडा हलतो. घरातल्या फर्निचरचे कडक वार्निश बोटीवर का चालत नाही, याचे कारणही हेच.

पण त्यासाठी लागणारी मेहनत आधी समजून घ्यावी. पहिला हात साधारण निम्म्याने पातळ करून लाकडात मुरवायचा, पुढचे दोन-तीन क्रमाने घट्ट करीत न्यायचे आणि त्यानंतर पूर्ण घट्ट हात द्यायचे. एकूण सात-आठ हातांशिवाय बाहेरच्या लाकडाला पुरेसे संरक्षण मिळत नाही. प्रत्येक हातानंतर सुकू द्यायचे, बारीक पॉलिश पेपरने घासायचे, धूळ पुसायची आणि मगच पुढचा हात द्यायचा. सुकल्यावर एका हाताची जाडी जेमतेम २५ ते ४० मायक्रॉन भरते, आणि किरण अडवणारे रसायन त्या जाडीतच असते, म्हणून हात कमी करून चालत नाही. त्याच एपिफानेसचे वूड फिनिश ग्लॉस हे वार्निश ७२ तासांच्या आत पुढचा हात दिला तर मध्ये घासावे लागत नाही, आणि पहिली उभारणी त्याने केली तर श्रम बरेच वाचतात.

एवढे झाल्यावर सौम्य हवेत वर्षातून एक-दोन आणि भर उन्हाच्या प्रदेशात त्याहून अधिक वेळा वरून ताजा हात द्यावाच लागतो. तो वेळेवर दिला तर वार्निश अनेक वर्षे खालपर्यंत न उतरवता चालते, आणि लहान ओरखडा त्याच दिवशी थोडे वार्निश लावून बंदही करता येतो. या दृष्टीने ते फार सरळ वागते: चमक कमी झाली की ती सूचना समजावी, आणि सूचना मिळाल्यावर हात द्यावा. ती सूचना एक मोसम दुर्लक्षित राहिली तर मात्र पोपडे सुटतात आणि सात-आठ हातांची सगळी उभारणी पुन्हा करावी लागते. ज्यांना हे काम आवडते त्यांनी वार्निशच लावावे. कमी देखभालीच्या शोधात असलेल्याने ते सुकाणूचा दांडा, केबिनच्या दाराच्या काढघाल करता येणाऱ्या फळ्या, झेंड्याची काठी अशा वस्तूंना लावावे, म्हणजे वार्निशचे सौंदर्यही मिळते आणि काम छपराखाली, धूळ आणि दव टाळून करता येते.

सेटॉल मरीन या मालिकेकडे मी सर्वांत अधिक बारकाईने पाहिले आहे, कारण माझी पसंती तिलाच आहे. सेटॉल ज्या सिकेन्सचे, ते डच नाव रंगाच्या व्यवसायात १७९२ पासून आहे आणि आज ते ॲक्झोनोबेल समूहात आहे. सेटॉलचा पाया अल्किड राळेचाच आहे, पण त्यात अतिसूक्ष्म, पारदर्शक लोह-ऑक्साइडचे रंगद्रव्य असते. महत्त्वाचा फरक तेथेच पडतो. अतिनील शोषक रसायने उन्हात हळूहळू खर्ची पडतात. लोह-ऑक्साइड हे खनिज असल्याने ते खर्ची पडत नाही, आणि लाकडाच्या वरच्या थरापर्यंत पोहोचणारे किरण ते अडवीत राहते. शिवाय हा थर वार्निशपेक्षा पातळ आणि लवचिक असतो, त्यामुळे सांध्यांवर तो लवकर तडकत नाही.

लावण्याची पद्धत सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या, उघड्या लाकडावर तीन हात, प्रत्येक दोहोंत निदान २४ तासांचे अंतर, आणि पातळ करण्याची गरज नाही. तीन हातांनंतर थांबले तर मंद झळाळी राहते. वार्निशच्या जवळ जाणारी चमक हवी असेल तर वरून सेटॉल ग्लॉसचे दोन-तीन हात देता येतात. कठड्यासारख्या जागी, जेथे दोर आणि बूट घासतात, तेथे ग्लॉस देण्याने झिजेलाही अटकाव होतो, असे माझे मत आहे. वर्षाकाठी लाकूड धुऊन, खरखरीत नायलॉनच्या पॅडने हलके घासून एक ताजा हात दिला की त्या वर्षाचे काम संपते, आणि लहान बोटीवर ते एका दिवसात होते. मुख्य म्हणजे एखादे वर्ष चुकले तरी सेटॉल सहसा एकदम पोपडे सोडत नाही. उघड्या, सपाट जागी ते झिजून फिकट होते. अशी जागा घासून, कडा विरळ करून तेवढ्याच भागाला पुन्हा हात दिले तर थोड्या दिवसांत जोड कळेनासा होतो. वार्निशमध्ये असा जोड लपवणे अवघड, आणि दोन घटकी लेपात जवळजवळ अशक्य.

त्याच्या रंगाबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. मूळ सेटॉल मरीनची छटा नारिंगी आहे आणि दरवर्षीच्या हातांनी ती आणखी गडद होत जाते. काही बोटींवर ती इतकी साचते की लाकडाची रेषा दिसेनाशी होते आणि कठडा रंगवलेला वाटू लागतो. नंतर आलेल्या लाइट आणि नॅचरल टीक या छटा यापेक्षा पुष्कळ बऱ्या आहेत, आणि सागवानासाठी मी नॅचरल टीकच सुचवीन. लाइटमध्ये रेषा अधिक स्पष्ट दिसते, पण रंगद्रव्य कमी म्हणजे संरक्षणही काहीसे कमी, हे लक्षात ठेवावे. रंग साचण्यावर उपाय एवढाच की ताजा हात गरज असेल तेथेच द्यावा, पातळ द्यावा, आणि काही वर्षांनी एकदा सगळे उतरवून नव्याने सुरुवात करावी. हीट गन आणि खरवडणीने ते चांगले निघते.

दोन घटकी आणि इतर पॉलियुरेथेन लेप हे या बाजारातील सर्वांत मोठे आश्वासन आहे. ब्रिस्टल फिनिश हे राळ आणि हार्डनर मिसळून लावायचे युरेथेन आहे. तासा-दीड तासाच्या अंतराने, मध्ये न घासता, एकाच दिवसात अनेक हात देता येतात, हा त्याचा फार मोठा गुण आहे. ऑलवुड एमएमध्ये आधी लाकडाला धरणारा रंगीत प्रायमर आणि वर हवेतील ओलावा घेऊन घट्ट होणारा पारदर्शक लेप अशी रचना आहे. दोन्हींची चमक उत्तम, पृष्ठभाग वार्निशपेक्षा कितीतरी टणक, आणि नीट लावले तर वार्निशच्या मानाने वर्षे पुष्कळ अधिक. हे सर्व मान्य करूनही मी कठड्यांसाठी ते सुचवीत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा ते कसे संपतात हेच आहे.

टणक लेपाखाली पाणी शिरले की ते आडवे पसरत जाते, वरून दिसतो तो एक फिकट डाग, आणि तो डाग घालवायला लेप सुटेल तेथपर्यंत काढावा लागतो. हीट गनपुढे तो वार्निशसारखा मऊ होत नाही, घासायला वेळ लागतो आणि नवा-जुना जोड नजरेत भरतो. कठडा तर बोटीवर अशा ठिकाणी असतो की त्याला बुचे, सांधे, दोर आणि धक्क्याचा मार हे सर्व एकदम सोसावे लागते, म्हणजे पाणी शिरण्याच्या जागा तेथे ठायीठायी असतात. याउलट, ज्या भागात सांधे कमी आहेत, जो एकसंध किंवा नीट चिकटवलेल्या थरांचा आहे आणि ज्याच्यावर पाय पडत नाही, अशा भागाला दोन घटकी लेप खरोखर शोभतो: टेबलाची फळी, सुकाणूचे चाक, कॉकपिटमधली (सुकाणूजवळच्या बैठकीच्या खळग्यातली) आडोशाची कड. ज्यांच्याकडे अशी लाकडे आहेत त्यांनी खर्च आणि कष्ट एकदा करून घ्यावेत. यातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यामुळे श्वसनमार्गाला कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून योग्य गाळणी असलेला मुखवटा, हातमोजे आणि मोकळी हवा यांशिवाय डबा उघडू नये. साधा कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे.

वार्निशच्या खाली इपॉक्सीचे दोन-तीन हात देण्याचीही एक पद्धत आहे. इपॉक्सीमुळे ओलाव्याची ये-जा पुष्कळ मंदावते आणि वरचा लेप स्थिर राहतो, हे खरे. पण इपॉक्सी स्वतः उन्हात पिवळी पडते आणि खडूसारखी सुटते, त्यामुळे वरचे वार्निश झिजू देणे मुळीच परवडत नाही. देखभाल कमी करायला निघालेल्याने हा मार्ग न धरलेला बरा.

अपारदर्शक रंगाला कोणी विचारीत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. रंग किरणांना पूर्ण अडवतो आणि चांगला प्रायमर व सागरी इनॅमल असेल तर कोणत्याही पारदर्शक लेपापेक्षा लाकूड अधिक काळ सुरक्षित राखतो. धक्क्याला घासणारी बाहेरची पट्टी, डागाळलेली महोगनी, ठिगळे लावलेली कड, अशा जागी रंग द्यावा आणि मन मोकळे करावे. पुढे कधी लाकूड उघडे करण्याची इच्छा होईल अशी शंका असेल तर आधी वार्निशचे दोन हात देऊन त्यावर रंग द्यावा, म्हणजे रंगाचे कण लाकडाच्या छिद्रांत बसत नाहीत.

लेप कोणताही निवडला तरी त्याचे आयुष्य पुष्कळसे तयारीवर ठरते, आणि या बाबतीत सागवान सर्वांत अवघड आहे. त्याचे नैसर्गिक तेल पृष्ठभागावर आले की लेपाची पकड बसत नाही, म्हणून घासून झाल्यावर ॲसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावे आणि ॲसिटोन उडाल्यावर फार वेळ न दवडता पहिला हात द्यावा. धारदार कडा घासून गोल कराव्यात, कारण ओला लेप कडेवरून मागे सरतो आणि तेथे थर सर्वांत पातळ राहतो. पोपड्याची सुरुवात बहुधा कडेपासूनच होते. आडवा छेद पाणी कितीतरी पट वेगाने पितो, त्याला दोन-तीन हात अधिक द्यावेत. पोलादी वूल वापरू नये, त्याचे तुकडे छिद्रांत अडकून गंजतात. पितळी किंवा नायलॉनचे पॅड घ्यावे. बोटीच्या अंगाला सिलिकॉन असलेले पॉलिश करायचे असेल तर ते लाकडाचे काम संपल्यानंतर करावे, नाहीतर लेपात माशाच्या डोळ्यांसारखी गोल छिद्रे पडतात. भर उन्हात तापलेल्या लाकडावर ब्रश लावू नये, आणि दुपार उतरण्यापूर्वी थांबावे, कारण ओल्या वार्निशवर दव पडले की चमक जाते.

झाकण्याच्या कापडाचाही विचार या खरेदीबरोबरच करावा. कठडे, दांड्या आणि कॉकपिटच्या कडा यांना ॲक्रिलिक कापडाच्या खोळी शिवून घेतल्या तर साधे वार्निशसुद्धा अनेक पट टिकते, कारण मूळ शत्रू असलेले ऊनच तेथे पोहोचत नाही. मात्र कापड हवा जाऊ देणारे असावे. प्लॅस्टिकच्या खाली ओल कोंडते आणि बुरशी धरते.

एका लेपावरून दुसऱ्यावर जाताना जुळणी पाहणे आवश्यक आहे. तेल पाजलेल्या लाकडावर पापुद्रा धरणारा कोणताही लेप देण्यापूर्वी ते तेल द्रावकाने आणि घासून पूर्ण काढावे. जुन्या वार्निशवर दोन घटकी लेप देऊ नये, कारण त्याचे तीव्र द्रावक खालच्या थराला सुरकुत्या पाडते. पूर्ण घट्ट झालेला दोन घटकी लेप खरखरीत करून त्यावर वार्निश देणे मात्र चालते, आणि ऊन रोखण्यासाठी काही जण तसे मुद्दाम करतात. सेटॉलसाठी उघडे लाकूडच हवे; जुन्या वार्निशवर ते दिले तर त्याची जी मुख्य खुबी, लाकडाच्या वरच्या थराला धरून राहण्याची, तीच वाया जाते. शंका असेल तेथे कठड्याच्या आतल्या बाजूची, सहसा न दिसणारी वीतभर जागा घेऊन तिच्यावर ठरवलेले सर्व हात द्यावेत, ती काही आठवडे उन्हापावसात राहू द्यावी आणि नखाने कडा उचलून पाहावी.